आत्याचं टिंब

बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरात सकाळी सातला तीन आवाज एकदम सुरू व्हायचे. स्वयंपाकघरात आईचं भाकरी थापणं, खाली रस्त्यावर तेलुगूत सुरू होऊन उर्दूत संपणारी पुदिनावाल्याची आरोळी आणि मधल्या खोलीत आत्याच्या कीबोर्डचा खडखडाट. या तिसऱ्या आवाजावर आमचं सगळं घर चालायचं. आत्याचा पहिला रिपोर्ट संपला की बाबांनी आंघोळीला जायचं, दुसरा संपला की आईने माझा डबा भरायचा. भिंतीवर घड्याळ होतं, पण ते बिचारं कायम दहा मिनिटं मागे असायचं आणि कुणाला त्याची फिकीर नव्हती.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, सुमती. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती आणि हिंमत तर त्याहून नव्हती. आमचं मूळ उदगीरकडचं, शेतकऱ्याचं घर. त्या घरातली इंग्रजी शॉर्टहँड शिकलेली ती पहिली बाई. बरीच वर्षं तिने एका सरकारी कचेरीत स्टेनोची नोकरी केली आणि पन्नाशीच्या आसपास ती सोडून घरी बसून करायचं हे नवं काम धरलं. अमेरिकेतले डॉक्टर रोगी तपासून झाला की त्याची सगळी हकिगत तोंडाने बोलून ठेवत. ते बोलणं सकाळी टेलिफोनच्या तारेतून आमच्या कॉम्प्युटरवर यायचं. आत्या कानाला हेडफोन लावून ते ऐकायची, टाइप करायची आणि संध्याकाळच्या आत नामपल्लीच्या ऑफिसला पाठवायची. तिथून ते परत त्या डॉक्टरांकडे जायचं. कुणा गोऱ्या माणसाच्या गुडघ्यात काय झालंय हे आमच्या आत्याला त्याच्या बायकोआधी कळायचं, असं बाबा म्हणायचे. आत्या म्हणायची, "कळून काय करायचंय? मी काय त्याला पत्र पाठवणार आहे?"

टेबलाखाली, तिच्या उजव्या पायाशी, काळ्या रंगाचं एक पेडल असे. शिवणयंत्राच्या पायपट्टीपेक्षा लहान, तीन भागांचं. मधला भाग दाबला की डॉक्टर बोलू लागे, डावा दाबला की बोलणं मागे जाई, उजवा दाबला की पुढे पळे. आत्या उजव्या भागाला कधी पाय लावत नसे. "पुढं काय पळायचं गं? तो बोलेल तेवढंच लिहायचं. मला काय गाडी पकडायचीय?" पेडल ऑफिसचं होतं. त्याच्या बुडाला एक चिठ्ठी चिकटवलेली होती, की याच्यात किंवा याच्या प्रोग्रॅममध्ये कुणी कसलाही बदल करायचा नाही. आत्याने ती चिठ्ठी पहिल्याच दिवशी मला मोठ्याने वाचायला लावली होती. मी तेव्हा ऊठसूट सगळं उघडून बघणारी मुलगी होते ना!

आत्याचं काम चोख, हे आमच्या घरातलं सर्वांत मोठं वैभव होतं. ऑफिसात नव्या मुलींची प्रत्येक फाइल दुसरं कुणीतरी ऐकून तपासायचं. आत्याच्या पाचातली एखादीच उघडून बघत. बाकीच्या सरळ अमेरिकेला जात. ही गोष्ट ती कधी स्वतः सांगायची नाही. पण आईने शेजारणीला सांगायला घेतली की ती काहीतरी निमित्त काढून तिथंच घुटमळायची, हे मी पाहिलंय.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि अमीरपेटच्या एका क्लासला प्रोग्रॅमिंग शिकत होते. माझं सगळं शिक्षण तेलुगू, हिंदी नि इंग्रजीत. मराठी घरात बोलण्यापुरतं, तेसुद्धा अर्धं दखनी उर्दू. मी आज चार ओळी मराठीत लिहू शकते ती आत्याची करणी. रोज जेवण झालं की ती मला मराठी पुस्तकाचं एक पान वाचायला बसवायची आणि मी अडखळले की म्हणायची, "हौ, हौ, सावकाश. टिंब आलं की थांब. टिंब कशासाठी असतं?" पूर्णविरामाला ती टिंबच म्हणायची, आकड्यातल्या दशांशालाही टिंबच.

एक दिवस मी स्वयंपाकघरात अंबाडीची पानं खुडत बसले होते आणि आत्याच्या टायपिंगमध्ये काहीतरी बिघडल्यासारखं वाटलं. खडखड खडखड चालायचं, मग एकदम थांबायचं. एक क्षण काहीच नाही. मग एकच बटण टक्कन वाजायचं आणि पुन्हा खडखड. दहा-बारा ओळी ऐकल्यावर ध्यानात आलं की ती प्रत्येक वाक्याच्या शेवटी थांबतेय. उठून दारातून पाहिलं, तर टिंबाची वेळ आली की ती उजवा हात सगळाच्या सगळा उचलत होती आणि पहिल्या बोटाने टिंब दाबत होती. टिंबाचं बटण उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं. ते बोट आत वळून तसंच राहिलं होतं.

"आत्या, बोट दुखतंय?"

"बोट माझं आहे. मला ठाऊक आहे."

"किती दिवस झाले?"

"तू अंबाडी खुडत होतीस ना? जा, खूड."

ते बोट वाकलं की अडकायचं. दुसऱ्या हाताने धरून सरळ करावं लागायचं आणि तेव्हा आतून टक् असा आवाज यायचा. कोठी भागातल्या डॉक्टरने तीन महिने विश्रांती सांगितली होती. विश्रांती हा शब्द तिला शिवीसारखा लागला. भावाच्या घरी राहते, पण भावाच्या जिवावर राहत नाही, हे तिने उभ्या जन्मात सांभाळलेलं होतं. ते काम गेलं तर तिच्याकडे सांगण्यासारखं काय उरणार होतं? हे मला तेव्हा एवढं नीट कळत नव्हतं, पण तिचा चेहरा कळत होता आणि मला तिचं फार वाईट वाटलं.

मी दोन दिवस क्लास बुडवला. पेडल उघडलं नाही, त्याला हातही लावला नाही. पण पेडलाकडून येणारा इशारा आणि डॉक्टरचा आवाज चालवणारा प्रोग्रॅम, या दोहोंच्या मधे मी माझा एक छोटासा प्रोग्रॅम बसवला. उजवा भाग दाबला, की आवाज पुढे पळण्याऐवजी कॉम्प्युटरला वाटावं की कुणीतरी कीबोर्डावरचं टिंब दाबलं. एवढंच. आत्याला बोलावलं आणि म्हटलं, "एक ओळ टाइप कर आणि शेवटी उजवीकडे पाय दाब."

तिने टाइप केलं. पाय दाबला. पडद्यावर टिंब उमटलं.

"अगं बाई!" ती म्हणाली आणि पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ऑफिसचं आहे गं हे. बदल करायचा नाही म्हणून लिहिलंय." मी म्हटलं, "पेडल जसंच्या तसं आहे. तुझं बोट बरं झालं की मी माझं काढून घेईन." तिने पायाने आणखी एकदा टिंब दाबलं. मग म्हणाली, "कुणाला सांगायचं नाही." त्या दुपारी तिने स्वतः पाट्यावर ठेचा वाटला, माझ्या ताटात भाकरीवर तेल सोडून वाढला आणि आईला म्हणाली, "पोरगी नुसती बडबडी नाही हां." आयुष्यात मला मोठमोठ्या लोकांनी शाबासकी दिली, पण तिची चव त्या ठेच्यासारखी नव्हती.

दोन दिवसांनी एक कटकट निघाली. कधी कधी एका दाबण्याला दोन टिंबं यायची. ही जुनी तऱ्हा आहे. बटणाच्या आतली पत्र्याची पट्टी दाबल्यावर क्षणभर थरथरते आणि कॉम्प्युटरला वाटतं, दोनदा दाबलं. त्यावर उपायही ठरलेला आहे. एकदा बटण वाजलं की पुढचा थोडा वेळ जे वाजेल ते ऐकायचंच नाही. मी तो थोडा वेळ ठेवला, तरी एखादं जास्तीचं टिंब निसटायचंच, कारण पेडल जुनं होतं आणि आत्या पाय हळू उचलायची. मग मी तो वेळ वाढवून सरळ एक सेकंद केला. चार वाक्यं टाइप करून पाहिली, चारही ठिकाणी एकेकच टिंब आलं. झालं, म्हटलं. मी टाइप करायचे दोन बोटांनी. एका सेकंदात आत्याचे हात कुठल्या कुठे जातात, ते तिच्याशेजारी बसून एकदा मोजावं, हे मला सुचलंच नाही. इतकी वर्षं याच धंद्यात काढल्यावर आता सांगते, चुका अशाच होतात. करणारा आपल्या चालीने तपासतो आणि वापरणारा त्याच्या चालीने चालतो.

तीन-एक आठवडे सगळं सुरळीत होतं. खडखडाट पुन्हा एकसंध झाला होता. मग एका सकाळी नामपल्लीहून पद्मजा मॅडमचा फोन आला. त्या ऑफिसात आत्याच्या वरच्या, वयाने तिच्यापेक्षा पुष्कळ लहान. आत्याला 'अक्का' म्हणत, आपल्याकडे ताई म्हणतात तसं. म्हणाल्या, ऑफिसला येऊन जा. आत्याने इस्त्रीची साडी नेसली आणि मला म्हणाली, "चल बरोबर. जिना फार उंच आहे." जिना काही उंच नव्हता. तिला सोबत हवी होती.

पद्मजा मॅडमनी एक कागद पुढे सरकवला. रोग्याच्या औषधांची यादी होती. एकच्या आकड्यापुढे टिंब, मग रक्त पातळ करायच्या गोळीचं लांबलचक नाव, मग मात्रा, पंचवीस. डॉक्टर म्हणाला होता, अडीच. दोन, टिंब, पाच.

"अक्का, पाँच में एक फाइल खोलते ना, उसमें हमकू ये मिला. फिर हम पीछे के सब खोल के देखे. और तीन में ऐसाच है, कुल चार. तीन इधरीच थे. एक चली गई."

"गई?" आत्या म्हणाली.

"आजिच सुधार के भेजे. उनों देख लिए होंगे."

मी कागदाकडे बघत होते. एकपुढचं टिंब होतं. दोनपुढचं नव्हतं. रोज लागणाऱ्या औषधांची नावं आत्याने दोन-दोन अक्षरांत बांधून ठेवली होती, त्या कामात सगळेच बांधतात. दोन अक्षरं दाबली की अख्खं नाव आपोआप उमटतं. म्हणजे एकपुढचं टिंब आणि दोनपुढचं टिंब यांच्यात तिला पुरता एक सेकंदही लागत नव्हता. पहिलं टिंब माझ्या प्रोग्रॅमने घेतलं होतं. दुसरं मी, मी लिहिलेल्या त्या एका सेकंदाच्या ओळीने, गिळलं होतं. आणि वाचताना तिला खटकलं नाही, कारण टिंब दाबल्याचं तिच्या पायाला ठाऊक होतं. मला तिथल्या तिथे सगळं लख्ख कळलं.

आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. कागद पुन्हा वाचला. मग म्हणाली, "मेरी गलती है. मेरेसे छूट गया."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. मला ती पेडलाची चिठ्ठी आठवली, पोलीस आठवले, गेलेली ती एक फाइल आठवली. कारणं पुष्कळ सांगता येतील, पण खरं एकच आहे. मी भ्याले.

पद्मजा मॅडमच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांनी आत्याच्या हातावर हात ठेवला. "परेशान नक्को हो, अक्का. उम्र में होता. एक महिना आराम करो. फिर मैं आपकू छोटे छोटे चिठ्ठ्या टाइप करने देती, दवाइयां नहीं रहते उसमें." आत्या नुसती मान हलवत होती. परत येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "चार वेळा, मंजू. एकदा नाही, चार वेळा."

त्या दुपारी ती पडलेली असताना मी माझा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवरून काढून टाकला. खूणसुद्धा ठेवली नाही. चोर पाऊलखुणा पुसतो, तसंच होतं ते. दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

पुढचे आठ दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत वाईट. आत्या रडली असती तर बरं झालं असतं. ती स्वतःला तपासू लागली. वरणात मीठ घालायची आणि आईला विचारायची, "मी मीठ घातलं का गं?" गॅस बंद करून खोलीत जायची आणि परत येऊन खटका हाताने चाचपायची. आईबरोबर भाजीला निघताना दाराला कुलूप लावायची, जिना उतरायची, फाटकापासून परत वर यायची, कुलूप ओढून बघायची, पुन्हा उतरायची. पहिल्या दिवशी एकदा, मग दोनदा, मग तीनदा. आई मला हळूच म्हणाली, "वन्संचं काहीतरी बिनसलंय. डॉक्टरला दाखवू या का डोक्याच्या?" जिच्या खडखडाटावर आमचं सगळं घर चालायचं, ती बाई आता दिवा लावला की नाही हे दुसऱ्याला विचारत होती. आणि मी भाकरी खात होते, क्लासला जात होते, गप्प होते.

नवव्या दिवशी सकाळी तिने मला हाक मारली. कॉम्प्युटर चालू केला होता, पाय पेडलावर होता.

"मंजू, इथं बस. माझ्याकडं नको बघू, पडद्याकडं बघ. मी टाइप करते. टिंब दाबते की नाही, ते तू सांग."

तिने ओळ टाइप केली. पाय दाबला. टिंब आलं नाही. येणार कसं? मी तर ते काढून टाकलं होतं. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा. टेबलाखाली पेडल खट् खट् वाजत होतं आणि पडद्यावर काहीच उमटत नव्हतं.

"मला वाटतंय की मी दाबतेय," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "पण दाबत नसणार. बघ ना. तुला दिसतंय का कुठं?"

मी खाली बसले आणि तिचा पाय दोन्ही हातांनी धरला. सगळं सांगितलं. पट्टीचं, सेकंदाचं, त्या चार फायलींचं, पुसून टाकलेल्या प्रोग्रॅमचं. रडत, अडखळत, उलटसुलट. माझं संपल्यावर तिने एकच विचारलं.

"म्हणजे मी दाबलं होतं?"

"हो आत्या."

"चारही वेळा?"

"प्रत्येक वेळी. तू प्रत्येक वेळी दाबलं होतंस."

तिने डोळे मिटले. मग उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरले नाही. "चूक होते गं," ती म्हणाली. "पण आठ दिवस तू मला बघत होतीस." ती उठली, पेडलाची तार सोडवली, पेडल भाजीच्या पिशवीत घातलं. "चप्पल घाल. नामपल्लीला जायचंय." आई हात पुसत बाहेर आली. "अहो वन्सं, दोन घास खाऊन तरी जा." आत्या म्हणाली, "आल्यावर."

ऑफिसात तिने मला सगळ्यांसमोर पुन्हा तो प्रोग्रॅम लिहायला लावला, पेडल जोडायला लावलं आणि मग स्वतः खुर्चीवर बसून ती औषधाची ओळ तिच्या चालीने टाइप केली. एकपुढे टिंब आलं, दोनपुढे आलं नाही. पाय दोनदा वाजलेला सगळ्यांनी ऐकला. पद्मजा मॅडमनी आपली खुर्ची आत्याजवळ ओढली. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "अक्का, ये आप नहीं बोलते तो महिने के बाद मैं आपकू वापस ले लेती थी. अब कैसा लेऊं? पेडल का कायदा तोडे आप लोगां. मेरे हाथ में नहीं रहा."

"मालूम," आत्या म्हणाली. "नक्को ले. लेकिन वो कागज पे लिख."

"क्या लिखूं?"

"लिख, सुमती ने दबाई थी."

पद्मजा मॅडमनी लिहिलं. आत्याने चष्मा लावून ते वाचलं, शेवटचं टिंब आहे ना ते पाहिलं आणि पेडल टेबलावर ठेवून आम्ही खाली उतरलो. तिचं काम त्या दिवशी सुटलं, ते कायमचं. गेलेल्या त्या एका फाइलचं काय झालं, सुधारलेला कागद वेळेवर पोचला का, ते आम्हाला कधीच कळलं नाही. आत्या नंतर कितीतरी दिवस संध्याकाळी दिवा लावताना त्या नाव माहीत नसलेल्या माणसासाठी हात जोडायची. आता ती नाही, म्हणून मी जोडते.

माझा जन्म याच कामात गेला. बटणं, पेडलं, हात अधू असलेल्यांसाठी वेगळे कीबोर्ड, कुठलं बटण दाबलं की काय व्हावं ते ठरवायचं. आता डॉक्टरांचं बोलणं कॉम्प्युटर स्वतःच लिहितो, आत्याचा तो धंदा जवळजवळ बुडालाच. पण जे दाबणं प्रोग्रॅमने मोजायचं नसतं, त्याचीसुद्धा नोंद मी आजही ठेवायला सांगते. हाताखालची पोरं वैतागतात, मॅडम, कैकू इतकं? मी म्हणते, कुणीतरी दाबलेलं असतं रे.

त्या दुपारी आम्ही घरी येऊन उशिरा जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या पिशवी घेऊन भाजीला निघाली, मला म्हणाली चल. आई पहाटेच माहेरी गेली होती, बाबा बँकेत कामाला. तिने दाराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि ताठ मानेने जिना उतरून गेली. फाटकाशीही मागे वळली नाही.

मी वरच थांबले होते. ती दिसेनाशी झाल्यावर मी कुलूप ओढून बघितलं. लागलेलं होतं. जिना अर्धा उतरले, परत वर गेले आणि पुन्हा ओढून बघितलं.